पंप एकाचा, कंट्रोल युनिट दुसऱ्याचं: व्हीपी-४४ डिझेल पंपाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००१ सालची डॉज रॅम २५००. इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, २४ व्हॉल्व्ह. मालक अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागातला शेतकरी. गवताचे मोठाले गठ्ठे आणि अधूनमधून गुरं ट्रेलरवर घालून नेणं हे या गाडीचं रोजचं काम. इंजिनच्या सिलिंडरांना डिझेल दाबून देणारे पंप टेस्ट करणाऱ्या ज्या दुकानात मी काम करतो तिथे या गाडीचा पंप सगळ्यात शेवटी आला. त्याआधी तो एका गॅरेजमध्ये उघडून, जोडून, पुन्हा गाडीवर चढून परत उतरला होता. मालकाची आणि गॅरेजची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

या घराण्यातलं इंजिन आपल्याला परकं नाही. टाटाच्या ट्रकांसाठी जमशेदपूरला बनलेलं ५.९ लिटरचं कमिन्स याच बी मालिकेतलं. आपल्याकडच्या मेकॅनिकांचा हात बसलाय तो यांत्रिक पंपांवर. डॉजच्या गाड्यांवरही १९९४ ते १९९८ च्या सुरुवातीपर्यंत यांत्रिक इनलाइन पंपच होता, म्हणजे दर सिलिंडरला दाबणारं वेगळं एलिमेंट असलेला. १९९८ च्या मध्यात उत्सर्जनाचे नियम कडक झाले, २४ व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि त्यावर बॉशचा व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप बसला. २००३ च्या मॉडेलपासून कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल देणारी पद्धत, आली. म्हणजे हा पंप या गाड्यांवर जेमतेम चार-पाच वर्षं होता, पण त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि हे पंप अजून आमच्याकडे येतात.

प्रकरण समजायला पंपाचं काम थोडं बारकाईने बघावं लागेल. पंपाच्या आत कॅम रिंगमध्ये फिरणारे प्लंजर डिझेल दाबतात. ते दाबलं जात असताना एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद झाला की प्रेशर चढतं आणि डिझेल त्या त्या सिलिंडरच्या पाइपात जातं. व्हॉल्व्ह उघडला की पुरवठा थांबतो. व्हॉल्व्ह किती वेळ बंद राहिला, तेवढं डिझेल. टायमिंगसाठी वेगळा पिस्टन आहे, तो कॅम रिंग मागेपुढे फिरवतो आणि त्याला दुसरं सोलेनॉइड सांभाळतं.

हे दोन्ही सोलेनॉइड चालवणारं युनिट पंपाच्याच डोक्यावर बसलेलं असतं. चपटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्याला एक कनेक्टर, आणि खाली पंपाच्या पोटात जाणारी कागदासारखी पातळ केबल. त्या केबलच्या टोकाला शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर. या युनिटला आम्ही पीएसजी म्हणतो. इंजिनचा मुख्य कंप्युटर, म्हणजे इसीएम, पीएसजीला कॅन बसवरून (गाडीतल्या युनिटांना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून) एवढंच सांगतो, की इतकं डिझेल दे आणि अमुक अंशावर सुरू कर. ते प्रत्यक्षात आणायला व्हॉल्व्ह किती मायक्रोसेकंद बंद ठेवायचा, हे पीएसजी ठरवतं.

आणि ते ठरवायचा तक्ता प्रत्येक पंपाचा वेगळा असतो. कारखान्यात पंप जुळवून झाला की तो टेस्ट बेंचवर चालवतात, मिनिटाला वेगवेगळ्या फेऱ्यांच्या वेगाला तो खरोखर किती डिझेल देतो ते मोजतात आणि त्या पंपापुरत्या दुरुस्त्या त्याच्या पीएसजीच्या मेमरीत लिहितात. प्लंजरची फट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा ताण, सेन्सरच्या बसण्यातला थोडासा फरक, हे सगळं त्या आकड्यांत जमेला धरलेलं असतं. शिंप्याच्या वहीत जशी एकाच गिऱ्हाइकाची मापं असावीत, तशी.

अडचण

उन्हाळ्यात, ऐन गवत कापणीच्या दिवसांत, गाडी गरम झाली की बंद पडायला लागली. अर्धा तास थांबलं की चालू व्हायची. मग एके दुपारी शेताच्या बांधावर बंद पडली ती सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी चालू झाली नाही.

गॅरेजने स्कॅनर लावला तर दोन कोड मिळाले. पी-१६८८, म्हणजे पंपाच्या कंट्रोल युनिटमध्ये अंतर्गत बिघाड, आणि पी-०२५४, म्हणजे डिझेलच्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट. इथवर गॅरेजने काम चोख केलं. पंपाला रिलेतून पूर्ण व्होल्टेज येतंय का, सेल्फ मारताना ते कुठे पडतं, अर्थिंग नीट आहे का, हे तपासलं. अल्टरनेटरचे डायोड गेले असतील तर बॅटरीच्या लाइनवर एसी करंटचा अंश येतो आणि या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो भोवतो, म्हणून तेही मोजलं. सगळं ठीक होतं. व्हॉल्व्हची कॉइलही चांगली होती. निदान पक्कं झालं: पीएसजीमधला व्हॉल्व्ह चालवणारा ट्रान्झिस्टर गेलाय. पंपाच्या यांत्रिक भागात दोष दिसत नव्हता.

एक गोष्ट मात्र तपासली गेली नाही: फीड पंपाचं, म्हणजे टाकीतून या पंपाला डिझेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचं, प्रेशर. पीएसजीला थंड ठेवायचं काम पंपातून वाहणारं डिझेलच करतं. इंजिनला लागतं त्याहून पुष्कळ जास्त डिझेल पंपातून फिरून टाकीत परत जातं, ते याचसाठी. फीड पंप थकला की हा प्रवाह आटतो, पीएसजी तापतं, आणि गरम असताना बंद, गार झाल्यावर चालू असा खेळ सुरू होतो. गाडीने हे लक्षण आठवडाभर दाखवलं होतं. माझ्या मते या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण इथेच होता. युनिट मेलंय हे कळलं, ते कशाने मेलं हे विचारलं गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

गॅरेजच्या शेडमध्ये अपघातात गेलेल्या अशाच एका गाडीचा व्हीपी-४४ पडून होता. त्या गाडीला पी-०२१६ हा टायमिंगचा कोड होता. याचा अर्थ बहुतेक वेळा टायमिंगचा पिस्टन किंवा त्याचं भोक झिजलंय. म्हणजे एका पंपाचं शरीर चांगलं आणि पीएसजी मेलेलं, दुसऱ्याचं पीएसजी जिवंत आणि शरीर गेलेलं. कोणाच्याही मनात येईल तेच गॅरेजमालकाच्या मनात आलं.

बाकीचे पर्याय त्याला माहीत होते. पूर्ण रिबिल्ड केलेला पंप घ्यायचा तर हजार डॉलरच्या वर खर्च, आणि जुना पंप दुकानदाराला परत द्यावा लागतो, नाहीतर अनामत बुडते. पंप आमच्यासारख्यांकडे पाठवून दुसरं पीएसजी बसवून बेंचवर नव्याने कॅलिब्रेट करून घ्यायचा, तर पैसे कमी पण नंबर लागेपर्यंत दिवस जाणार. मूळ पीएसजीच दुरुस्त करायचं हा तिसरा मार्ग. त्याच्या आत सिरॅमिकच्या पट्टीवर केसासारख्या तारा जोडलेल्या असतात आणि वर जेलीचा थर असतो. साध्या सोल्डरिंगच्या हाताला हे काम जमत नाही, करणारे थोडे.

चौथा मार्ग गॅरेजला ठाऊकच नव्हता. मेलेल्या पीएसजीचा ट्रान्झिस्टर जातो, मेमरी बहुतेक वेळा शाबूत असते. ती वाचून दुसऱ्या, त्याच पार्ट नंबरच्या पीएसजीत उतरवता येते.

मालकाचं गवत शेतात पडलं होतं आणि आकाशात ढग होते. पावसात भिजलेल्या गवताचा कस जातो आणि भावही पडतो. हे दडपण खरं होतं, आणि गॅरेजचा निर्णय वाचताना ते विसरू नये.

काय केलं

गॅरेजने दोन्ही पंप टेबलावर शेजारी ठेवले, पार्ट नंबर ताडून पाहिले. ते जुळले. अपघातातल्या पंपाचं पीएसजी उतरवून या गाडीच्या पंपावर चढवलं. केबल फाटली नाही, सील नवे टाकले, हाताचं काम स्वच्छ होतं. एक बारीक गोष्ट त्यांनी आवर्जून सांभाळली. या पंपाच्या शाफ्टला जी चावी असते तिच्यावर नंबर असतो, तो पंपाच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळावा लागतो, कारण तीही टायमिंगच्या मापाने निवडलेली असते. त्यांनी या पंपाची चावी याच पंपावर ठेवली. यांत्रिक माप जपलं, आणि त्याच मापाचा इलेक्ट्रॉनिक भाग मात्र दुसऱ्या पंपाचा लावला. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे असं होतं.

पंप बसवला, एअर काढली, सेल्फ मारला. गाडी चालू झाली. आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर. रेस दिली तर उचलली. कोड नाही. गॅरेजच्या आवारात एक फेरी मारून गाडी त्याच संध्याकाळी मालकाच्या ताब्यात गेली.

निर्णयाचा दुसरा क्षण हाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. गाडी चालू झाली म्हणजे जुळलं, असं इथे मानता येत नाही. आयडलला इसीएमचं लक्ष फेऱ्यांवर असतं. पंप मागितल्यापेक्षा जास्त डिझेल देत असेल तर फेऱ्या वाढतात, इसीएम मागणी कमी करतो आणि फेऱ्या पुन्हा जागेवर येतात. कमी देत असेल तर उलट. म्हणजे चूक असली तरी आयडलला ती झाकली जाते. लोडवर असं होत नाही. तिथे पायडलवरून इसीएम डिझेलचा आकडा ठरवतो आणि पीएसजीला सांगतो. प्रत्यक्षात तेवढंच गेलं का, हे मोजणारं या गाडीत काहीच नाही. पीएसजीचा तक्ता चुकीचा असेल तर इसीएमला त्याचा पत्ता लागत नाही.

टायमिंगचंही तसंच. पीएसजी कोनाच्या सेन्सरवरून टायमिंग सांभाळतं, पण त्या सेन्सरची शून्य जागा कुठे हेही मेमरीतलंच माप. ते माप दुसऱ्या पंपाचं असेल तर सगळं टायमिंग थोडं मागे किंवा पुढे सरकतं. फरक फार मोठा असला तर क्रँकचा सेन्सर आणि पंपाचा सेन्सर जुळत नाहीत असा पी-१६९० कोड येतो. इथे फरक तेवढा नव्हता, म्हणून कोड आला नाही.

मालकाने गवत आणलं. तेवढ्यापुरतं काम झालं, हे नाकारायचं कारण नाही. पण ट्रेलर भरून नेहमीच्या चढावर गाडी ओढेना. त्याच्या गाडीत धुराचं तापमान दाखवणारा मीटर होता. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान १२५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं नाही असा ट्रेलर ओढणाऱ्यांचा पाळलेला नियम. पूर्वी त्याच चढावर, तेवढ्याच वजनाला काटा बराच खाली राहायचा; आता तो या रेषेला टेकू लागला. शरद ऋतू आला तशी सकाळी गार इंजिनला पांढुरका धूर आणि डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास. अ‍ॅव्हरेजही पडला. मालक परत गॅरेजमध्ये गेला, गॅरेजने पंप उतरवून आमच्याकडे पाठवला.

बेंचवर काय दिसलं

पंपासोबत चिठ्ठी होती: पीएसजी बदललं आहे, गाडी ओढत नाही. हे प्रामाणिकपणे लिहिलं होतं, म्हणून आमचा पुष्कळ वेळ वाचला. असे पंप बऱ्याचदा काहीही न सांगता येतात आणि आम्ही प्लंजर शोधत बसतो.

आमच्याकडे बॉशचा ईपीएस ८१५ बेंच आहे. तिथे पंप मोटरवर फिरतो आणि इसीएमच्या जागी बेंचच पीएसजीला मागणी पाठवतो. मागितलेलं आणि मिळालेलं समोरासमोर दिसतं. कमी फेऱ्यांना पंप मागणीहून कमी डिझेल देत होता, फुल लोडच्या बिंदूवर जास्त, आणि टायमिंग सगळ्या बिंदूंवर एकाच बाजूला, उशिराकडे, सरकलेलं. सगळीकडे सारखं सरकलेलं टायमिंग पाहिलं की झिजेची शंका मागे पडते. झिजलेला पिस्टन असा शिस्तीत वागत नाही, तो कधी पोचतो, कधी अडखळतो. उशिरा टायमिंगने पांढरा धूर आणि चढलेलं तापमान या दोन्हींचा उलगडा झाला. वर लोडला डिझेल जास्त, त्यामुळे तापमानात आणखी भर.

सहाही आउटलेटचा पुरवठा मात्र आपसात सारखा होता. व्हीपी-४४ मध्ये सगळ्या सिलिंडरांना एकच दाबणारा भाग आणि एकच व्हॉल्व्ह पुरवतो, त्यामुळे चुकीच्या मापाची चूक सगळ्यांना सारखी वाटली जाते. इंजिन मिसिंग करत नाही. इनलाइन पंपाच्या सवयीने एका एलिमेंटचा दोष शोधणाऱ्या मेकॅनिकला म्हणूनच इथे काही सापडत नाही.

पुढचा निर्णय आणि परिणाम

आम्ही गॅरेजला फोन करून एकच विचारलं: मूळ पीएसजी कुठे आहे? सुदैवाने ते भंगाराच्या डब्यात का होईना, शेडमध्येच होतं. त्यांनी रिबिल्ड पंप घेतला असता तर ते जुन्या पंपाबरोबर कधीच परत गेलं असतं आणि या पंपाची मापं कायमची हरवली असती.

मूळ युनिट उघडलं. ट्रान्झिस्टर भाजलेला होता, मेमरी वाचता आली. तो मजकूर अपघातातल्या पीएसजीत उतरवला. त्याआधी त्या पीएसजीची स्वतःची मेमरीही वाचून, नाव घालून जपून ठेवली, कारण तो दुसरा पंप कोणी उद्या दुरुस्त करायला काढला तर त्याला ती लागेल. मग पंप पुन्हा बेंचवर. डिझेल आणि टायमिंग दोन्ही सगळ्या बिंदूंवर मर्यादेत आले. एकही स्क्रू न हलवता पंप सुधारला हे पाहताना आमच्याकडचा नवा मुलगा थक्क झाला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं, कारण थक्क होण्यासारखीच गोष्ट आहे ती.

पंप सोडण्यापूर्वी आम्ही गॅरेजला फीड पंपाचं प्रेशर मोजायला लावलं. आयडलला ९ पीएसआय (दाबाचं माप), आणि ट्रेलर लावून चढावर काटा २ वर. लोडवरही ते १० च्या खाली जाऊ नये असं मी सांगतो. म्हणजे दुसरं पीएसजीसुद्धा त्याच भट्टीत भाजत होतं. फीड पंप बदलला, फिल्टर बदलला, आणि मालकाने डॅशबोर्डवर प्रेशरचा मीटर कायमचा बसवून घेतला. गाडी त्याच चढावर त्याच वजनाने चालवून पाहिली. तापमान पूर्वीच्या जागी आलं, सकाळचा धूर गेला.

मालकाला एकूण खर्च रिबिल्ड पंपापेक्षा कमी आला. पण पंप दोनदा काढायची मजुरी आणि मधल्या महिन्यांत जाळलेलं जादा डिझेल धरलं तर फरक फारसा उरत नाही. इंजिनने तेवढे महिने चढलेलं तापमान सोसलं, त्याचा हिशेब कागदावर मांडता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच दिवशी फीड पंपाच्या लाइनवर साधा प्रेशर मीटर लावला असता तर मूळ कारण कळलं असतं. कदाचित पीएसजी मरायच्या आधी कळलं असतं, कारण गरम झाल्यावर बंद पडायची तक्रार घेऊन मालक त्या आठवड्यात एकदा येऊन गेला होता आणि त्याला फिल्टर बदलून परत पाठवलं होतं.

अदलाबदल करूच नये असं मी म्हणणार नाही. कापणीच्या घाईत गाडी चालू करायला ती केली, हे मला समजतं. पण ती तात्पुरती सोय आहे हे मालकाला सांगून, वजन कमी ठेवा, मीटरवर लक्ष ठेवा, काम उरकलं की पंप टेस्टिंगला पाठवू, असं ठरवून गाडी सोडायला हवी होती. तसं न सांगता पक्की दुरुस्ती म्हणून सोडली, हे खटकतं. आणि गाडी सोडण्याआधी ट्रेलर लावून चढावर चालवून पाहायला हवी होती. लोडशिवाय घेतलेली ट्रायल या पंपाबाबत काहीच सिद्ध करत नाही.

अपघातातल्या पंपाचा इतिहासही कोणाला माहीत नव्हता. त्याच्या व्हॉल्व्हच्या तारेवर इन्सुलेशन टोचल्याची खूण होती, म्हणजे कोणीतरी जादा डिझेल सोडायला लावून इंजिनची ताकद वाढवणारा बॉक्स त्या तारेला जोडलेला असणार. असं पीएसजी आधीच किती ताणलं गेलंय कोण जाणे. आमच्या बेंचवर ते टिकलं, म्हणून आम्ही ते ठेवलं. मालकाला ही गोष्ट तोंडी आणि बिलावर लेखी, दोन्ही प्रकारे सांगितली.

हा प्रश्न या एका पंपापुरता नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याच्यावर छापलेला कोड इंजिनच्या कंप्युटरमध्ये (इसीयूत) भरावा लागतो. तोही त्या इंजेक्टरच्या कारखान्यातल्या मापाचाच कोड. तो न भरता गाडी चालू होते, आयडलही बरं लागतं, आणि म्हणूनच काही गॅरेजमध्ये तो भरायचा राहून जातो. इनलाइन पंपाचं एलिमेंट बदलून बेंचवर न लावता पंप गाडीवर चढवणारा मेकॅनिक आपल्याकडे कच्चा समजला जातो. कोडाच्या बाबतीत तीच शिस्त अजून सगळीकडे आलेली नाही.

या प्रकरणानंतर आम्ही दुकानाच्या पावतीवर एक ओळ वाढवली. व्हीपी-४४ पाठवताना पीएसजी कधी बदललं असेल तर मूळ युनिट, ते जळलेलं असलं तरी, पंपासोबत पाठवा. ते नसेल तर पंप बेंचवर नव्याने कॅलिब्रेट करावा लागेल आणि त्याचा दर वेगळा पडेल. आणि फीड पंपाचं आयडलचं आणि लोडवरचं प्रेशर लिहायला पावतीवर दोन रकाने ठेवलेत. ते रिकामे असतील तर आम्ही पंप घेतो, पण आकडे आल्याशिवाय परत पाठवत नाही.